बोको हराम : मैदुगुरीत नेमके काय घडले

11 जून 2009 रोजी ईशान्य नायजेरियातल्या मैदुगुरी शहरात एक अंत्ययात्रा दफनभूमीकडे निघाली होती. मोटार अपघातात गेलेल्या काही जणांना पुरायचे होते, आणि सोबतच्या तरुणांपैकी बरेच जण मोटारसायकलींवर होते. त्या वर्षाच्या जानेवारीपासून देशभर हेल्मेटसक्ती लागू झाली होती. लोकांना ती जाचक वाटे. कानो शहरात भाड्याच्या मोटारसायकली चालवणाऱ्यांनी तर वाळलेल्या भोपळ्याची कवटी डोक्याला बांधून वेळ मारून नेली होती. मैदुगुरीच्या त्या अंत्ययात्रेतल्या तरुणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सैनिक आणि पोलिसांच्या संयुक्त पथकाने त्यांना अडवले, बाचाबाची झाली आणि गोळ्या सुटल्या. 17 जण जखमी झाले.

दीड महिन्याने त्याच शहराच्या रस्त्यांवर शेकडो प्रेते पडली होती. पुढच्या पाच वर्षांत या तरुणांच्या संघटनेने राजधानी अबुजातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीवर बॉम्बहल्ला केला, कानोत एका दिवसात दीडशेहून अधिक माणसे मारली आणि बोर्नो राज्याचा मोठा भाग आपल्या ताब्यात घेतला.

आपल्याकडे बहुतेकांनी ‘बोको हराम’ हे नाव पहिल्यांदा ऐकले ते एप्रिल 2014 मध्ये. चिबोक या छोट्या गावातल्या शाळेच्या वसतिगृहातून परीक्षेसाठी आलेल्या 276 मुलींना बंदुकीच्या धाकाने पळवून नेले, ही बातमी जगभर गेली. मराठी वर्तमानपत्रांतही ती काही आठवडे येत राहिली आणि मग मागे पडली. तोवर या संघटनेला दहा-बारा वर्षे झाली होती, तिचा संस्थापक मारला गेला होता, आणि पहिल्या अनुयायांपैकी कित्येक मेले किंवा तुरुंगात सडत होते. म्हणजे ही गोष्ट आपण मधूनच ऐकायला सुरुवात केली. मधूनच ऐकणाऱ्याला क्रौर्य दिसते, पण ते कुठून आले ते कळत नाही. हे पुस्तक गोष्ट पहिल्यापासून सांगते, म्हणून ते मला मोलाचे वाटते.

पहिल्यापासून म्हणजे बरेच मागे जावे लागते. चाड सरोवराच्या काठची बोर्नोची भूमी ही आफ्रिकेतल्या जुन्या मुस्लीम राज्यांपैकी एक. तिथल्या राजघराण्याने अकराव्या शतकात इस्लाम स्वीकारला. कुराणाचे पठण, हस्तलिखिते आणि त्यांवरची टीका-टिप्पणी यांची तिथली परंपरा शतकानुशतकांची आहे. तेव्हा बोको हरामचा उदय धर्माच्या अज्ञानातून झाला, हे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही. या संघटनेला सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने विरोध केला तो त्या परंपरेतल्याच उलेमांनी, आणि त्याची किंमत अनेकांनी जीव देऊन मोजली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आले. मद्रासेत जन्मलेल्या फ्रेडरिक लुगार्डने उत्तर नायजेरियात जी राज्यपद्धत बसवली ती आपल्याकडच्या संस्थानांची आठवण करून देणारी होती. अमीर गादीवर राहिले, करवसुली त्यांच्याच हाताने झाली, आणि बदल्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द ब्रिटिशांनी दिला. त्या शब्दापोटी ख्रिस्ती मिशनऱ्यांना उत्तरेच्या मुस्लीम भागात अटकाव झाला. त्या काळी शाळा काढत होते ते मिशनरीच. दक्षिणेत शाळा वाढत गेल्या, उत्तर मागे राहिली. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा कचेऱ्या, रेल्वे, टपाल, बँका चालवण्याइतके शिकलेले लोक मुख्यतः दक्षिणेचे होते. उत्तरेतल्या सामान्य माणसाच्या मनात इंग्रजी शाळा, म्हणजे बोको, ही परक्यांची, सत्तेची आणि पुढे पुढे लाचखाऊ साहेबांची खूण होऊन बसली. संघटना स्वतःला ‘जमातु अहलिस सुन्ना लिद्दावती वल जिहाद’ असे लांबलचक अरबी नाव लावते. ‘बोको हराम’, म्हणजे बोको निषिद्ध, हे नाव तिला मैदुगुरीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिले, कारण प्रवचनांतून त्यांच्या कानावर सारखे तेच पडत होते.

उत्तरेला याआधीही असा उठाव माहीत होता. कॅमेरूनहून आलेला मोहम्मद मारवा हा प्रवचनकार कानोच्या गरीब वस्त्यांत घड्याळ, सायकल, रेडिओ हे सगळे निषिद्ध ठरवत असे. लोक त्याला मैतात्सिने म्हणत. 1980 च्या डिसेंबरात त्याच्या अनुयायांची पोलिसांशी चकमक झाली, शेवटी लष्कर आले, आणि चार हजारांहून अधिक माणसे मेली. दोन वर्षांनी मैदुगुरीच्या बुलुमकुटु वस्तीतही रक्त सांडले. सरकारने उठाव चिरडला, आयोग नेमला, आणि ज्या वस्त्यांतून ही माणसे आली होती त्या होत्या तशाच राहिल्या. 2009 मध्ये काय घडू शकते याचा धडा राज्यकर्त्यांना तीस वर्षे आधीच मिळालेला होता.

दरम्यान दक्षिणेत तेल सापडले, सरकारी तिजोरी भरली आणि त्या पैशाचा फार थोडा वाटा बोर्नोपर्यंत आला. चाड सरोवर साठच्या दशकात सुमारे 25,000 चौरस किलोमीटरवर पसरलेले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. मासेमार, गुराखी, शेतकरी शहराकडे सरकले. मैदुगुरीत रोजगार म्हणजे काय, तर मोटारसायकल भाड्याने चालवणे, बाजारात हमाली करणे, नाहीतर हात पसरणे. 1999 मध्ये लष्करी राजवट संपली आणि निवडणुका आल्या. त्यापाठोपाठ उत्तरेतल्या 12 राज्यांनी शरियतवर आधारलेले फौजदारी कायदे आणले. लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. आता तरी मंत्र्यासंत्र्यांना जाब विचारला जाईल अशी त्यांची आशा होती. प्रत्यक्षात झामफारा राज्यात हात तोडला गेला तो गाय चोरणाऱ्या एका गरिबाचा. खजिना लुटणारे मोकळेच राहिले. ज्याला कडवा उपाय विकायचा होता त्याला या अपेक्षाभंगातून तयार गिऱ्हाईक मिळाले.

तो माणूस म्हणजे मोहम्मद युसूफ. 1970 मध्ये योबे भागातल्या गिरगिर गावी जन्मलेला, आवाजाने आणि वक्तृत्वाने तरुणांना बांधून ठेवणारा. सुरुवातीला तो शेख जाफर महमूद आदम या नामवंत सलफी विद्वानाचा शिष्य होता. पुढे दोघांत फाटले. सरकारी शाळेत शिकणे आणि सरकारी नोकरी करणे मुसलमानाला निषिद्ध आहे, असे युसूफ सांगू लागला. मुसलमानांनी शाळा सोडल्या तर दवाखाने, न्यायालये, कचेऱ्या कुणाच्या हाती जातील, असा सरळ प्रश्न जाफर यांनी प्रवचनांतून विचारला. एप्रिल 2007 मध्ये कानोत पहाटेच्या नमाजाच्या वेळी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. संशयाचे बोट अनेकांनी युसूफच्या गटाकडे दाखवले.

युसूफने मैदुगुरीत रेल्वे वसाहतीजवळ, सासरे बाबा फुगु यांच्या जागेवर मशीद उभारली आणि तिला मध्ययुगीन विद्वान इब्न तैमिया यांचे नाव दिले. तिथे प्रवचनाबरोबर जेवण मिळे आणि निजायला जागाही. मोटारसायकल घ्यायला किंवा टपरी टाकायला छोटे कर्ज मिळे. ज्या तरुणाला वधूमूल्याच्या आणि मानपानाच्या खर्चापायी लग्न करता येत नव्हते त्याचे लग्न कमी खर्चात लावून दिले जाई. मला हा भाग या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अतिरेकी विचार कानात कुजबुजून माणसे फितवतो अशी आपली समजूत असते. इथे तो पोट, निवारा, बायको आणि मान यांच्यासकट आला. सरकार ज्या ज्या ठिकाणी गैरहजर होते तिथे युसूफ हजर होता.

तरीही सगळे गरिबीवर ढकलता येणार नाही. गावोगावच्या कुराणशाळांत शिकणारी आणि वाडगे घेऊन दारोदार फिरणारी अलमाजिरी मुले हीच बोको हरामची फौज, असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. पण पहिल्या अनुयायांत विद्यापीठातले आणि तंत्रनिकेतनातले विद्यार्थीही होते, आणि त्यांच्यापैकी काहींनी आपली प्रमाणपत्रे स्वतःच्या हाताने फाडली. व्यापारी होते, सुखवस्तू घरांतली मुले होती. बुजी फोई हा तर राज्याचा धर्मव्यवहार आयुक्त, म्हणजे जवळजवळ मंत्रीच. तत्कालीन गव्हर्नर अली मोडू शेरीफ यांनी निवडणुकीसाठी युसूफच्या गटाची मदत घेतली आणि बदल्यात शरियतचे आश्वासन दिले, असे मैदुगुरीत सर्रास सांगितले जाते. शेरीफ यांनी ते नेहमीच नाकारले आहे. फोई त्यांच्या सरकारात होता, एवढे मात्र निर्विवाद आहे.

विचाराचा वाटाही टाळता येत नाही. पाऊस बाष्पीभवनाने पडतो आणि पृथ्वी गोल आहे, हे युसूफने 2009 मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत अमान्य केले होते. अशा मतांवर हसून पुढे जाणारे चुकतात. शाळेतले विज्ञान खोटे, त्या शाळेतून निघालेला अधिकारी खोटा, त्या अधिकाऱ्याचा कायदा खोटा, आणि तो कायदा मानणारा मुसलमान हा मुसलमानच नव्हे, अशी ती साखळी होती. शेवटची कडी मान्य केली की शेजाऱ्याला मारण्याची मुभा मिळते. संघटनेचे पुढचे सारे अत्याचार त्या कडीवर उभे आहेत, आणि ती युसूफने स्वतः, शुद्धीत, निवडून घेतली होती.

26 जुलै 2009 रोजी बाउचीत पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि चार राज्यांत उठाव पसरला. मैदुगुरीत लष्कराने तोफांनी मशीद पाडली. चार-पाच दिवसांत आठशेच्या आसपास माणसे मेली. 30 जुलैला सैनिकांनी युसूफला जिवंत पकडले आणि पोलिसांच्या स्वाधीन केले. त्याच्या चौकशीची चित्रफीत आजही पाहायला मिळते. उघड्या अंगाचा, दंडाला पट्टी बांधलेला युसूफ उभा आहे, आणि अधिकारी त्याला विचारतात की तुझ्या घरी संगणक आणि इंजेक्शनची सामग्री सापडली, हे बोकोतून आलेले नाही का. ती केवळ यंत्रे आहेत, शिक्षण वेगळे, असे तो शांतपणे उत्तर देतो. काही तासांनी त्याचे गोळ्यांनी चाळण झालेले प्रेत पत्रकारांना दाखवण्यात आले. पळून जाताना मारला गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला पकडणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यानेच तो जिवंत हवाली केल्याचे स्पष्ट केले होते.

बुजी फोईही तसाच मारला गेला. सासरे बाबा फुगु सत्तरी उलटलेले होते. पोलिसांनी बोलावले म्हणून ते आपल्या पायांनी हजर झाले आणि घरी परतले नाहीत. पुढच्या वर्षी अल जझीराने दाखवलेल्या चित्रीकरणात पोलीस निःशस्त्र माणसांना रस्त्यावर पालथे झोपवून एकेकाला गोळ्या घालताना दिसतात. त्यांत कुबडीवर चालणारा एक माणूसही आहे. फुगु कुटुंबाला नुकसानभरपाई द्यावी असा निकाल बोर्नोच्या न्यायालयाने दिला. युसूफच्या हत्येबद्दल पोलिसांवर खटला झाला, पण आरोपी सुटले.

युसूफला न्यायालयात उभे केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न नायजेरियात आजही विचारला जातो. त्याला पैसा कोणी दिला, कोणत्या राजकारण्यांनी त्याला जवळ केले, हे शपथेवर सांगावे लागले असते. त्याचे तोंड बंद करायचे होते म्हणूनच तो मेला, असे मानणारे पुष्कळ आहेत. ते सिद्ध झालेले नाही. पण त्या हत्येने एका बंडखोर पंथाला हुतात्मा मिळवून दिला, आणि तोही चित्रफितीच्या पुराव्यासह. सरकारने कायदा पायदळी तुडवला, आणि कायदा हेच मुळात ढोंग आहे असे सांगणाऱ्याचे म्हणणे त्याच्या अनुयायांना खरे वाटले.

वर्षभराने, मेला असे समजलेला युसूफचा साथीदार अबुबकर शेकाऊ चित्रफितीतून पुन्हा प्रकटला. सप्टेंबर 2010 मध्ये बाउचीचा तुरुंग फोडून सातशेहून अधिक कैदी सोडवण्यात आले, आणि तिथून सुडाचे पर्व सुरू झाले. 2012 मध्ये लष्कराने संघटनेच्या नेत्यांच्या बायकामुलांना पकडले. तुमच्याही बायका धरू, अशी धमकी शेकाऊने दिली आणि पुढच्या वर्षीपासून ती खरी केली. चिबोक त्या वाटेवरचा एक टप्पा होता. पुढे पळवून नेलेल्या किशोरवयीन मुलींच्या अंगाला स्फोटके बांधून त्यांना बाजारांत आणि मशिदींत पाठवण्यात आले. त्या मुलींच्या वाट्याला जे आले त्याला माझ्याजवळ शब्द नाहीत, आणि ते कुठल्याही तक्रारीने, कुठल्याही अन्यायाने माफ होत नाही.

लष्करानेही आपल्या हाताने आग वाढवली. मैदुगुरीच्या गिवा बराकीतून मार्च 2014 मध्ये कैदी पळाले तेव्हा पुन्हा सापडलेल्यांपैकी सहाशेहून अधिकांना मारण्यात आले, असे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने नोंदवले. 2011 पासूनच्या चार वर्षांत लष्करी कोठडीत सात हजारांवर माणसे मेली, असेही तिचा अहवाल सांगतो. यांतले किती जण खरोखर अतिरेकी होते हे ठरवायला एकही न्यायाधीश नव्हता. तरुण मुलगा एका बाजूला संघटनेच्या हाती लागला तर जबरदस्तीने भरती, दुसऱ्या बाजूला लष्कराच्या हाती लागला तर गिवा. सगळेच श्रद्धेपोटी रानात गेले, असे म्हणणाऱ्याने ही कोंडी समजून घ्यावी.

त्या कोंडीतही बोर्नोच्या लोकांनी हात टेकले नाहीत. 2013 मध्ये मैदुगुरीच्या तरुणांनी काठ्या आणि कोयते घेऊन गल्लोगल्ली पहारे बसवले आणि संघटनेला शहराबाहेर हुसकले. त्यांच्या हातूनही अत्याचार झाले, हे लपवण्याचे कारण नाही. बोको हरामने मारलेल्यांत फार मोठी संख्या मुसलमानांचीच आहे, आणि तिच्याशी लढणाऱ्यांतही.

या प्रस्तावनेत एका शाळेविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. झाना मुस्तफा या मैदुगुरीच्या वकिलाने 2007 मध्ये 36 अनाथ मुलांना घेऊन ती सुरू केली. कुराण आणि अरबी यांबरोबर इंग्रजी, गणित, विज्ञान. फी नाही, जेवण आणि कपडे शाळेचे. 2009 नंतर मारल्या गेलेल्या सैनिकांची आणि पोलिसांची मुले तिथे आली, आणि मारल्या गेलेल्या बोको हरामवाल्यांचीही. दोघे एका बाकावर बसले. शहरातल्या इतर शाळा बंद पडल्या तेव्हाही ही शाळा चालू राहिली, कारण तिथे दोन्हीकडची मुले होती आणि दोन्हीकडच्या विधवांचा तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासाच्या बळावर मुस्तफांनी मध्यस्थी केली, आणि 2016 मध्ये चिबोकच्या 21 व 2017 मध्ये आणखी 82 मुलींची सुटका होऊ शकली. 2017 चा संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन निर्वासित पुरस्कार त्यांना मिळाला.

बोलणी नेहमीच अशी फळली नाहीत. सप्टेंबर 2011 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो स्वतः मैदुगुरीला जाऊन युसूफच्या मेहुण्याला भेटले. दोन दिवसांत तो मेहुणा गोळ्यांना बळी पडला. बाप पोलिसांनी मारला, मुलगा शांततेची बोलणी केल्याबद्दल गेला. फुगु घराण्याची ही दोन मरणे एकत्र ठेवून पाहिली की या संघर्षात मधली जागा किती अरुंद उरली होती ते कळते.

2015 मध्ये शेकाऊने इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली. वर्षभरात संघटना फुटली, आणि दुसऱ्या गटाचे नेतृत्व युसूफचा मुलगा अबू मुसाब अल बर्नावी याच्याकडे गेले. सामान्य मुसलमानांची सरसकट कत्तल त्याला मान्य नव्हती. हा गट चाड सरोवराच्या परिसरात मासेमारांकडून आणि गुराख्यांकडून कर घेतो, बदल्यात रस्ते राखतो, तंटे सोडवतो, म्हणजे बापाची जुनी पद्धतच त्याने उचलली. मे 2021 मध्ये याच गटाने सांबिसाच्या रानात घेरल्यावर शेकाऊने स्वतःला उडवून घेतले. त्यानंतर हजारो जण शरण आले. पण युद्ध संपलेले नाही. 2020 अखेरपर्यंत या संघर्षापायी सुमारे 3.5 लाख माणसे गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले होती, भुकेने आणि साध्या आजारांनी गेलेली.

वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे. हे पुस्तक वाचताना युसूफ आणि शेकाऊ यांच्यावरची प्रकरणे तुम्हाला ओढून नेतील, ते स्वाभाविक आहे. त्यांच्याआधी शिक्षकांवरचे प्रकरण वाचा. 2009 नंतरच्या सहा-सात वर्षांत किमान 611 शिक्षक मारले गेले आणि 910 शाळा उद्ध्वस्त झाल्या, अशी ह्यूमन राइट्स वॉचची नोंद आहे. यांतले बहुतेक शिक्षक बोर्नोच्याच मातीतले होते, त्याच मशिदींत नमाज पढणारे, त्याच सरकारच्या तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगारावर जगणारे. संघटनेतल्या तरुणांइतकीच त्यांचीही तक्रार खरी होती, आणि ते रोज सकाळी वर्गावर जात राहिले.